14-15 चा पाना

पोचलो तेव्हा 5:20 झाले होते. दुभाजकाला धडकलेली मोटरसायकल, भोवती तीसेक माणसं, निम्म्यांचे मोबाईल वर. अॅम्ब्युलन्सला वाट द्यायलाही कोणी सरकेना. पायलटने (आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात) खाली उतरून शिव्या घातल्या तेव्हा सरकले.

पोरगा पंचविशीचा. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडून बाहेर आलेली, रस्त्यावर रक्ताचं थारोळं. नाडी लागणार नाही असंच वाटलं. लागली. बारीक, पण मनगटाला लागली.

कारण मांडीवर ओढणी बांधलेली होती. चार बोटं रुंद घडी, वर गाठ, गाठीत 14-15 चा पाना घालून रक्त थांबेपर्यंत दिलेला पीळ. आणि पीळ उलटा फिरू नये म्हणून पान्याचं टोक उरलेल्या ओढणीने मांडीलाच जखडलेलं. हे शेवटचं काम शिकलेल्यांकडूनही राहतं. लोक सहसा सुतळी नाहीतर बुटाची नाडी आवळतात. ती कातडीत रुतते, वरच्या शिरा दबतात, आतली धमनी चालूच राहते. रक्तस्राव उलट वाढतो.

मी ओरडलो, "कोणी बांधलं?"

"आम्ही हात नाही लावला, डॉक्टर." सगळ्यांचं एकच उत्तर.

मला नाव नको होतं, वेळ हवी होती. पट्टा आवळल्यापासून साधारण दोन तासांच्या आत सुटला तर पाय बहुधा निभावतो, पुढे स्नायू मरू लागतात. म्हणून आम्ही वेळ मार्करने पेशंटच्या कपाळावर लिहितो. सर्जनचा पहिला प्रश्न तोच असतो.

मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, हे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ कलमही आलं. पण कॅज्युअल्टीत अजून आधी "तुम्ही कोण, इथे सही करा" होतं, मग पेशंटकडे बघतात. एकदा चौकीत अर्धा दिवस बसून आलेला माणूस गावभर कलम सांगत नाही, "भानगडीत पडू नका" एवढंच सांगतो.

शेवटी वेळ मिळाली ती ज्यांच्यावर मी चिडलो होतो त्यांच्याकडून. कॉलेजातल्या एका मुलाने मोबाईल पुढे केला. 5:04 चं शूटिंग. पाना फिरवणारे दोन हात, नखांत ग्रीस. बाकी काही नाही.

"चेहरा का नाही घेतला?"

"त्या काकांनीच सांगितलं, माझं तोंड घेऊ नको. तुमचा सायरन ऐकला आणि गेले."

कपाळावर 5:04 लिहिलं. स्लाईन लावली, पायाला स्प्लिंट, मानेला कॉलर, निघालो.

कॅज्युअल्टीत ओढणी कापून पिवळ्या पिशवीत गेली. पाना सिस्टरने माझ्या हातात दिला. पायलटने तो धुऊन जॅकशेजारी ठेवलाय. हायवेवरच्या गॅरेजांत विचारू म्हणतो. माझा, असं कोणी म्हणणार नाही, हे त्यालाही माहीत आहे.