ओल्ड कोर्सला जायचंय? मग रविवारी पोचा

सगळ्यात कामाचं आधी सांगतो, ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला आहे, तिथे रविवारी दुपारच्या आत पोचा. गावात रेल्वे स्टेशन नाही, एडिनबराहून लूकर्सला तासाभरात ट्रेन पोचते, तिथून 99 नंबरची बस. आता रविवारच का, तर त्या दिवशी ओल्ड कोर्स खेळायला बंद असतो आणि गावातली माणसं कुत्री, पोरं घेऊन त्यावर निवांत फिरतात. आपणही फिरायचं, एक पैसा लागत नाही. मी आणि मित्र अठराव्या होलपासून उलटे चालत गेलो. पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनेही खेळायचे म्हणे, त्यामुळे टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात तिथून, न दिसणारे कितीतरी बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, उलटं जाताना धडाधड समोर येतात. एकूण 112 आहेत! चौदाव्यावरच्या हेल बंकरच्या काठावर उभं राहिलो आणि तिथेच ठरवलं, इथे डावीकडूनच जायचं.

रविवारचा दुसरा फायदा म्हणजे बॅलट, म्हणजे सोडत. टी टाइमसाठी, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळेसाठी, दोन दिवस आधी दुपारी 2 पर्यंत नाव टाकायचं, किमान दोघं लागतात, म्हणजे मंगळवारचा चान्स रविवारी घेता येतो. एकटे असाल तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन सिंगल्सच्या ड्रॉमध्ये नाव द्या. हँडिकॅपचा, म्हणजे आपण कितपत खेळतो त्या आकड्याचा, पुरावा बरोबर ठेवा, 36 पर्यंत चालतो. आमचा मंगळवार गेला, बुधवारही गेला, मित्राचं तोंड बघण्यासारखं झालेलं, गुरुवारी लागला एकदाचा. म्हणून हातात तीन-चार दिवस ठेवाच. मधल्या दिवसात न्यू कोर्स खेळलो. नाव न्यू, पण आहे 1895 चा, आणि खरं सांगू का, स्कोअर तिथेच बरा आला.

बग्गी, म्हणजे मैदानात फिरायची छोटी गाडी, मेडिकल कारणाशिवाय मिळत नाही, पण चालायची भीती नको, चढ फारसे नाहीतच, दमवतो तो वारा. जाताना पाठीवर असला तर येताना तोंडावर, कारण कोर्स सरळ बाहेर जाऊन परत फिरतो. पाऊस नसला तरी वॉटरप्रूफ पँट बॅगेत टाका, आणि आदल्या रात्री नवे शूज घालून बघायचा शहाणपणा करू नका, मी केला, बाराव्यापर्यंत टाच सोलली.

जमीन कडक असते, बॉल पडून लांब पळतो. वेज, म्हणजे बॉल उंच उडवायची काठी, घरीच राहिला असता तरी चाललं असतं, ग्रीनबाहेर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताबाहेर, वीस-तीस यार्डांवरूनसुद्धा पटर, म्हणजे बॉल जमिनीवरून ढकलायची काठी, काढा. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, एकावर दोन होल, आणि दोन्ही नंबरांची बेरीज 18. पाचव्याला माझा बॉल तेराव्याच्या बाजूला जाऊन बसला, पट मारायच्या आधी चालत जाऊन पावलं मोजली तर 43! जातानाच्या होलना पांढरे झेंडे, येतानाच्यांना लाल, एवढं लक्षात ठेवलं तरी गोंधळ टळतो.

कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि सल्ला देणारा माणूस, घेतला तर पैसे वसूल, निदान सतराव्याला तरी. तिथे टीवरून समोर हॉटेलच्या शेड दिसतात आणि तो शांतपणे सांगतो, त्याच्यावरूनच मार. पलीकडे ग्रीनच्या मागे डांबरी रस्ता आहे आणि तोही खेळातच धरतात, बॉल तिथे गेला तर रस्त्यावरूनच मारायचा, फ्री ड्रॉप, म्हणजे दंड न घेता बॉल उचलून दुसरीकडे टाकणं, वगैरे काही नाही. मला त्या होलला सात फटके लागले. अठराव्यावर फेअरवेमधून, म्हणजे टी ते ग्रीन मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातून, चक्क गावचा रस्ता जातो, माणसं जाऊ द्यायची, मग मारायचं, आणि कुंपणाला टेकून दहा-बारा जण बघत असतात, त्यांच्यासमोर माझा तीन फुटी पट हुकला.