आमची वाटचाल: चार मिनिटांत सुटलेल्या प्रसंगापासून

आमच्या पहिल्यावहिल्या वर्गासाठी आम्ही एक प्रसंग लिहून नेला होता. दुकानातली चोरी, एक साक्षीदार, पळून गेलेला मुलगा, गाडीचा अर्धाच दिसलेला नंबर. त्यावर पहिला अख्खा दिवस चालेल असा आमचा हिशेब होता. समोर सोळा फील्ड ट्रेनर बसलेले. फील्ड ट्रेनर म्हणजे अकादमीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोलिसाला गाडीत शेजारी बसवून प्रत्यक्ष गस्तीवर काम शिकवणारा अनुभवी पोलीस. त्या सोळा जणांनी आमचा प्रसंग चार मिनिटांत सोडवला. जबाब घ्यायचा, कॅमेऱ्याचं चित्रण मागवायचं, नंबर वायरलेसवर द्यायचा. झालं. मग सगळे हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसले. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

आमची संस्था दोघांची; फील्ड ट्रेनरना समस्याधारित पद्धतीने शिकवायला तयार करणं हे तिचं काम. मी त्याआधी एका वैद्यकीय महाविद्यालयात समस्याधारित शिक्षणाचे गट लावण्याचं काम करत होते. विद्यार्थ्यांना आधी व्याख्यान द्यायचं नाही, आधी रुग्णाची हकिगत हातात द्यायची आणि काय शिकायला हवं ते त्यांनाच शोधू द्यायचं, ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १९६९ मध्ये सुरू झाली आणि तिथून जगभर गेली. माझे भागीदार निवृत्त पोलीस सार्जंट. नवे पोलीस घडवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि आपण शिकवलेलं गाडीतून उतरताच गळून का पडतं, हा प्रश्न त्यांना निवृत्तीनंतरही सोडत नव्हता. पद्धत माझ्याकडे होती, गस्त त्यांच्याकडे होती. आम्ही एकत्र आलो ते यासाठी.

इथे थोडी मागची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय आमच्या कामाची गरज कळणार नाही. अमेरिकेतल्या बहुतेक पोलीस खात्यांत नव्या पोलिसाचं मैदानी प्रशिक्षण ज्या साच्यात चालतं, तो कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. रोज एक निरीक्षण अहवाल, त्यात कामाच्या अनेक बाबी आणि प्रत्येक बाबीला १ ते ७ गुण. या साच्याबद्दल मला आदर आहे. त्याआधी नव्या पोलिसाचं नशीब त्याला कोणता सीनियर मिळतो यावर होतं. या साच्यामुळे पहिल्यांदा काहीतरी कागदावर आलं, कोणाला का काढलं याचा जाब देता येऊ लागला. पण रोज गुण मिळणारा माणूस गुण देणाऱ्याकडे बघून वागायला शिकतो. समोरच्या प्रसंगाकडे बघायचं राहून जातं.

याला पर्याय म्हणून १९९९ पासून नेवाडातल्या रेनो शहराच्या पोलीस खात्यात, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कॉप्स (पोलीस खात्यांना अनुदान देणाऱ्या) कार्यालयाच्या निधीतून आणि पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या संस्थेच्या सोबतीने समस्याधारित शिक्षणावर उभा असलेला नवा आराखडा बांधला गेला. पीटीओ (पोलीस ट्रेनिंग ऑफिसर) किंवा रेनो मॉडेल या नावाने तो ओळखला जातो. पंधरा आठवड्यांचा क्रम: पहिला आठवडा रुळण्याचा, मग साधे प्रसंग, तातडीचे प्रसंग, गस्त आणि गुन्ह्याचा तपास असे तीन-तीन आठवड्यांचे चार टप्पे, मध्ये एक आणि शेवटी एक आठवडा मूल्यमापनाचा. मूल्यमापन करणारा माणूस वेगळा आणि शिकवणारा वेगळा, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. नवा पोलीस रोजची वही लिहितो आणि त्या वहीला कोणी गुण देत नाही, ही दुसरी.

आराखडा छापील आहे, कोणीही वाचू शकतं. अडतं ते ट्रेनरपाशी. त्याला स्वतःला कोणीच असं शिकवलेलं नसतं. मग तो नव्याला असं शिकवणार कसं?

चार मिनिटांत सुटलेल्या त्या प्रसंगानंतर आम्ही दुपारी वर्ग कसाबसा पार पाडला आणि रात्री बसून दुसऱ्या दिवसाचा प्रसंग नव्याने लिहिला. चूक ढळढळीत होती. आम्ही प्रश्न लिहिला नव्हता, उत्तराची वाट आखून दिली होती. ज्याला एकच बरोबर उत्तर आहे, त्यावर अनुभवी माणूस विचार करत नाही, आठवतो. विचार करायला लावायचं तर प्रसंगात माहिती अपुरी हवी, माणसं एकमेकांच्या विरुद्ध बोलणारी हवीत आणि कायद्याचं कलम लावूनही प्रश्न शिल्लक उरायला हवा.

त्या रात्री लिहिलेला प्रसंग आम्ही किरकोळ बदल करून अजून वापरतो. रात्री साडेअकरा. एका इमारतीतून महिन्यात पाचव्यांदा फोन: वरच्या मजल्यावर कोणीतरी सामान ओढतंय. फोन करणारा वृद्ध गृहस्थ दारातच उभा आहे, हातात तारखा लिहिलेली वही. वरच्या मजल्यावरची बाई म्हणते, मी आत्ताच कामावरून आले, इथे कोणीच नव्हतं. जिन्यात एक मुलगा बसलेला आहे. इतकंच. नऊ ओळी.

गटाने भिंतीवरच्या मोठ्या कागदावर चार रकाने आखायचे: कल्पना, माहीत असलेल्या गोष्टी, शिकायला हवं असं काही, आणि काय करणार. शेवटी, जे केलं ते कसं झालं याचा आढावा. सगळ्यांना वाटतं पहिला रकाना अवघड जाईल. अनुभवी पोलीस अडखळतात ते दुसऱ्या रकान्यात. "म्हातारा एकटा राहतो", "मुलगा त्या बाईचा आहे", "म्हाताऱ्याला भास होतात" अशी वाक्यं तिथे सर्रास लिहिली जातात. आम्ही काही बोलत नाही. नऊ ओळींचा कागद पुन्हा हातात देतो आणि विचारतो, हे कुठे लिहिलंय? एक-एक वाक्य खोडलं जातं. शेवटी त्या रकान्यात चार-पाच गोष्टीच उरतात आणि खोलीतला आवाज बदलतो. हा क्षण मी आजवर चाळीसेक वर्गांत पाहिला आहे, तरी प्रत्येक वेळी मी श्वास धरून उभी असते.

तिसऱ्या रकान्यासाठी खोलीबाहेर जावंच लागतं. भाडेकराराचे नियम कोणाला माहीत? वृद्धांसाठी रात्री कोणती सेवा चालू असते? सुरुवातीला आम्ही दोन तास देऊन म्हणायचो, शोधून या. आणि सगळे टेबलापाशी बसूनच मोबाइल चाळायचे. आता वर्गाच्या आधी तीन आठवडे माझं निम्मं काम याच जुळवाजुळवीचं असतं. समाजसेवा खात्यातली एखादी कार्यकर्ती, अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षातलं कोणी, घरमालक-भाडेकरू तंट्यात सल्ला देणारा वकील यांना आधी भेटते, त्या दिवशी तुमच्याकडे पोलीस येतील असं सांगून ठेवते. बरेच ट्रेनर त्या दिवशी या दारांतून पहिल्यांदा आत जातात.

यातलं सगळ्यांत अवघड मात्र गप्प बसणं आहे. तिसऱ्या दिवशी तिघांचे गट करतो. एक नवा पोलीस, एक ट्रेनर, आणि तिसरा, ट्रेनरने उत्तर सांगून टाकलं की कागदावर रेघ ओढणारा. पंधरा वर्षं गस्त केलेले एक ट्रेनर मला चांगले आठवतात. सात मिनिटांत त्यांच्या नावावर अकरा रेघा पडल्या. ते म्हणाले, "पण मी तर प्रश्नच विचारत होतो." रेघा ओढणाऱ्याने टिपलेली वाक्यं वाचून दाखवली: "आधी दार कुठे उघडतं ते बघशील ना?" "त्या मुलाला आधी बाजूला घ्यायला हवं, नाही का?" शेवटी "ना" लावलं म्हणून उत्तराचा प्रश्न होत नाही. दुसऱ्या फेरीत समोरचा अडला तेव्हा त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. हातातल्या पेनाचं टोपण अंगठ्याने घट्ट दाबून धरलं होतं. बराच वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "तुला काय दिसतंय?" एवढंच. त्या फेरीत तीन रेघा.

माझ्या भागीदारांनी यात एक अट पहिल्यापासून घातली आहे आणि ती बरोबर आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल तिथे शिकणं थांबतं, ट्रेनर सूत्रं हातात घेतो. त्यासाठीचा एक शब्द दोघांनी पहिल्याच शिफ्टला ठरवायचा. तो उच्चारला की प्रश्न नाहीत, चर्चा नाही. नवा मागे, ट्रेनर पुढे. बोलायचं ते नंतर, गाडीत.

धंद्याची बाजूही सांगायला हवी. आमचा साधारण व्यवहार असा: एक खातं यजमान होतं, हॉल देतं, त्या बदल्यात त्याला काही जागा मोफत मिळतात, बाकीच्या जागा आसपासची लहान खाती भरतात. बाराच्या खाली वर्ग परवडत नाही आणि वीसच्या वर शिकणं होत नाही. हॉल ठरवताना मी भिंतींचे फोटो मागवते, कारण कागद चिकटवायला भिंत नसेल तर वर्ग चालत नाही. वर्गाच्या आदल्या संध्याकाळी मनुष्यबळ कमी म्हणून दोन-तीन ट्रेनर परत शिफ्टवर बोलावले जातात, हे ठरलेलं. पूर्वी मी त्यावर चिडायची. आता प्रत्येक वर्गात तीन जण प्रतीक्षा यादीवर ठेवते.

सुरुवातीला आणखी एक गैरसमज वरचेवर आडवा यायचा. "समस्या सोडवणारं पोलीस काम आम्ही केव्हाच शिकलोय," असं अधिकारी सांगायचे. त्यांच्या मनात असायची ती अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत: एकेका फोनमागे न धावता वारंवार घडणाऱ्या गोष्टींच्या मुळाशी जायचं. ती पोलीस काम कसं करावं याची पद्धत. आमची, माणूस कसा शिकतो याची. दोन्ही एकमेकींना पूरक आहेत, पण एक आली म्हणून दुसरी येत नाही. हे समजावण्यात आमची पहिली दोन वर्षं गेली.

सर्वांत मोठा धडा एका खात्याने दिला. नाव सांगत नाही. त्यांचे आठ ट्रेनर पाच दिवस आले, मनापासून शिकले. परत गेल्यावर त्यांच्या वरिष्ठांनी रोजचा जुना गुणांचा फॉर्मच मागितला. ट्रेनरनी काही आठवडे दोन्ही केलं, मग नवं सोडून दिलं. सहा महिन्यांनी मी फोन केला तेव्हा त्यातल्या एकीने इतकंच सांगितलं, "तुम्ही चांगलं शिकवलंत, आमच्या इथे त्याला जागा नव्हती." तो फोन ठेवल्यावर मी खूप वेळ नुसती बसून होते. त्या आठ जणांवर अन्याय झाला होता आणि त्यात आमचा वाटा होता, कारण आम्ही फक्त ट्रेनर मागितले होते. तेव्हापासून अट एकच: पहिला दिवस सार्जंट आणि त्यांच्या वरच्यांनी ट्रेनरसोबत बसून करायचा, त्याच टेबलावर, तेच चार रकाने भरून. या अटीमुळे बरीच कामं हातची गेली. एका वर्षी तर निम्मी. अट सोडली नाही.

२०२० मध्ये समोरासमोरचे वर्ग बंद पडले तेव्हा पडद्यावर घेऊन पाहिले. रकाने भरता आले. पण पडद्यावर शांतता पसरली की प्रत्येकाला आवाज गेलाय असं वाटतं आणि कोणीतरी बोलून टाकतं. आमचं निम्मं शिक्षण त्या शांततेत असतं. हॉल उघडताच परत फिरलो.

गेल्या महिन्यात त्या अकरा रेघावाल्या ट्रेनरचा मेल आला. आता ते स्वतः आपल्या खात्यातल्या ट्रेनरना तयार करतात. त्यांच्या हद्दीत घडलेल्या गोष्टीवरून त्यांनी एक प्रसंग लिहून पाठवला होता: शाळा सुटल्यावर बस थांब्यावर रोज होणारी भांडणं. चांगला होता, चौदा ओळींचा. मी फोन करून म्हटलं, सहावी ओळ काढा, भांडण कोण सुरू करतं ते तिथे कळतंय. पलीकडे जरा वेळ कोणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, "सहावी काढतो. पण मग अकरावीही काढायला हवी."