मटणाचं वाळवण

इंदूरच्या कोरड्या उन्हात आईच्या कुरडया गच्चीवर, आणि माझं मटण खाली ओव्हनमध्ये. जर्की, म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, बहुतेक गोमांसाची करतात. मी बकऱ्याची मांडी घेतली. चरबी अगदी निगुतीनं काढली, कारण ती वाळत नाही, खवट होते. मांस अर्धवट गोठलेलं असलं की सुरी छान चालते, पट्ट्या पातळ निघतात. मीठ, मिरी, लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये. उन्हाचा मोह मुद्दाम टाळला. मांस आतून आधी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं, नाहीतर जंतू तग धरतात. मग ६ तास मंद आच, दार किंचित उघडं, म्हणजे वाफ निघून जाते. संध्याकाळी एक पट्टी वाकवली. तडा गेला, पण तुटली नाही! अस्संच हवं होतं. आई म्हणाली, "अगं, हे पण वाळवणच की!" बाबांनी तिसरी पट्टी मागितली, तेव्हा खूप बरं वाटलं.