तांबडे मोजे

सिंगापूरहून लेकीचं पार्सल आलं. चहाचा डबा, गुडघ्यांसाठी बाम आणि लालभडक मोज्यांचे दोन जोड. फोनवर म्हणाली, "आई, यंदा घोड्याचं वर्ष आणि तूही घोडाच. वर्षभर घाल." तिच्या ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीनं बजावलं होतं.

मला वाटलं, आपलं वर्ष म्हणजे मिरवायचं. तर उलटंच. उंदरापासून डुकरापर्यंत बारा प्राणी पाळीपाळीनं वर्षावर बसतात, आणि ज्याचं वर्ष त्यालाच पीडा. ताय-सुई नावाचा वर्षाचा देव नाराज होतो म्हणे. उतारा लाल रंगाचा: मोजे, कमरेचा पट्टा, अगदी आतले कपडेसुद्धा. आपल्याकडे शनीला तेल, त्यांच्याकडे पायात मोजे.

पण माझं प्रकरण एवढ्यावर भागत नाही. प्राण्यांना लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही तत्त्वं जोडली की साठ वर्षांचा फेरा होतो. मी १९६६ ची, म्हणजे नुसती घोडी नव्हे, आगीची घोडी. जपानात हिला 'हिनोए-उमा' म्हणतात आणि ही बाई नवऱ्याला खाते असा समज आहे. समज कसला, दहशत! १९६५ साली तिथं सुमारे १८ लाख २० हजार मुलं जन्मली, १९६६ साली १३ लाख ६० हजार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा १९ लाखांच्या वर. बुलेट ट्रेन धावू लागलेल्या देशात! खापर फोडतात ते एदोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, ओशिची या भाजीवाल्याच्या पोरीवर. आगीत घर गेलं, देवळात आसरा घेतला, तिथल्या एका मुलावर जीव जडला. तो पुन्हा भेटावा म्हणून हिनंच आग लावली, आणि १६८३ साली तिला जाळून मारलं. तीही आगीच्याच घोड्याच्या वर्षातली, असं सांगतात. सोळा-सतरा वर्षांची असेल. तिच्या वेडेपणापायी पुढच्या किती पोरींची लग्नं अडली असतील!

आम्हाला हसायचा हक्क नाही. माझ्या पत्रिकेत मंगळ नाही हे आईनं तीन ज्योतिष्यांकडून वदवून घेतलं होतं. तरी एम.ए. होईपर्यंत थांबले, तर आत्यानं 'घोडनवरी' म्हणून घेतलंच. बिचारीला कुठं माहीत, ती अगदी शास्त्रशुद्ध बोलत होती.

नवरा १९६२ चा. वाघ. हे कळल्यापासून चहा मागतानाही त्याचा आवाज बदललाय. चौतीस वर्षांत घोडीनं त्याला खाल्लं नाही, उलट पोळ्या तोच खातोय.

साठ संवत्सरांचा फेरा आपल्याकडेही आहेच. म्हणून सहज माझं संवत्सर काढलं, तर शके १८८८, नाव 'पराभव'! बारशाला कुणी बोललं नाही. आता फेरा पुरा होऊन यंदाच्या पाडव्याला ते परत आलंय. जपानात साठीला लाल टोपी आणि लाल बंडी घालतात, माणूस पुन्हा तान्हं झालं म्हणून. आमच्याकडे जुलैत साठीशांत आहे. गुरुजी संकल्पात 'पराभवनाम संवत्सरे' म्हणणार, आणि पाटावर मोजे घालून बसता यायचं नाही.

मग लाल पैठणीचा विचार केला. लेक म्हणाली, "चालेल की. पण लाल वस्तू आपण घ्यायची नसते, दुसऱ्यानं द्यावी लागते."

मी वाघाकडे पाहिलं. तो पेपरात तोंड खुपसून बसला होता.