मोसंबीची सल, धुऱ्यावरचं रान आणि ट्रॅक्टरचा चिपर

मोसंबीची आंबे बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलोऱ्याची, फळं उतरली की झाडांची सल काढायचं काम निघतं. वाळक्या काड्या, मेलेल्या फांद्या, खालून फुटलेले पाणसोट. चार-दोन बाया आणि एखादा गडी लावला तरी बघता बघता ओळीओळीत ढीग पडतात. आमच्या जालना जिल्ह्यातल्या अंबड भागात त्यांची विल्हेवाट ठरलेली असते, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ओढायचं आणि काडी लावायची. 2012-13 च्या दुष्काळात तर सलच काय, वाळून गेलेली अख्खी झाडं अशी पेटवलेली पाहिली. जाळानं धुऱ्यावरचा निंब होरपळतो, जवळची ठिबकची नळी वितळते आणि हाती राहते राख, तीही वाऱ्यावर जाते. यंदा म्हटलं, बघू तरी, ट्रॅक्टरला जोडायचा, फांद्यांचा चुरा करणारा चिपर आणून.

मशीन विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. वर्षातून एकदा लागणारं औजार शेडमध्ये गंजत ठेवायला परवडत नाही, अनुदान मिळालं तरी. तासावर भाड्यानं आणलं, सोबत चालवणारे मामा. ट्रॅक्टर माझाच, पन्नास एचपीचा. थ्री पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या उचलणाऱ्या दांड्यांना, मशीन लावून उचललं, इंजिनाची ताकद मशीनला देणारा पीटीओ शाफ्ट जोडला, शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर नीट बसलंय का ते मामांनी हातानं फिरवून पाहिलं. मग मिनिटाला 540 फेऱ्यांच्या पीटीओवर इंजिनाचा आवाज एका लयीत आला आणि मामा म्हणाले, "भाऊ, आता उपरणं काढून ठेवा." काढलं. बायांना पदर खोचून लांब उभं राहायला सांगितलं. मशीनच्या तोंडाशी दोघंच, अंगात घट्ट बाह्यांचे शर्ट, डोळ्यांवर चष्मे. काटकी उडून डोळ्यात जाते, ही काही सांगोवांगीची भीती नाही.

पहिल्या तासातच कळलं की यात चालवण्याचं काम सर्वात कमी आहे. मशीन फांदी खातं काही क्षणांत, पण ती फांदी त्याच्या तोंडाशी कशी आणून ठेवली यावर दिवस ठरतो. बायांनी टाकलेले ढीग म्हणजे शेंडे-बुडखे एकमेकांत अडकलेले; एक ओढावं तर पाच येतात. मामांचा नियम एकच, "बुडखा आधी, शेंडा मागून." बुडखा रोलरनं पकडला की उरलेलं आपोआप आत जातं, आडव्या काड्या दबून मिटतात. उलटं घातलं तर शेंडा चोंदतो. म्हणून दुपारनंतर एक गडी फक्त ढीग लावायला ठेवला, सगळे बुडखे मशीनच्या अंगाला. काम लगेच सुटलं.

बेचक्याच्या फांद्या मात्र कोयत्यानं आधी फोडाव्याच लागतात. बेचकं तोंडात आडवं बसतं आणि माणसाला पायानं ढकलायचा मोह होतो. पाय अजिबात नाही. हात भर लांबीचे तुकडेही एकटे घालायचे नाहीत, ते आत नाचतात. लांब फांदीबरोबर मिसळून टाकायचे. आणि पीटीओ बंद केला म्हणजे मशीन थांबलं, असं होत नाही. आतली जड चकती बराच वेळ घरघरत राहते. तोंडात अडकलेलं काढायला ती पूर्ण थांबेपर्यंत मामा बिडी ओढत बसायचे, मशीनपासून दहा पावलं लांब. घाई करणाऱ्याला ते काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे.

बागेतलं उरकल्यावर धुरा. तिथे सुबाभूळ, येडी बाभळ, घाणेरी, मध्येच बोरी. कोयता घालण्याआधी गड्यांनी काठीनं रान झोडून घेतलं, घोणस अशाच गचपणात बसते. धुऱ्यावरच्या चिंचेला आणि जांभळाला हात लावला नाही. ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तोडायची तर आधी परवानगी काढावी लागते.

धुऱ्यावर खरी भीती लोखंडाची. जुन्या कुंपणाची काटेरी तार सुबाभळीच्या खोडात इतकी मुरली होती की वरून फक्त सालीवर एक आडवी सुरकुती दिसत होती. मामांनी तिथे नख घासलं, काळी रेघ निघाली, आणि तेवढा हातभर तुकडा त्यांनी बाजूला फेकला. तार आत गेली असती तर पात्यांना खांडं पडली असती. मुळासकट उपटलेलंही घालायचं नाही, मुळाची माती पात्यांची धार खाते. ठिबकच्या फाटक्या नळ्या, सुतळी, गोणपाटाचे दशे हे सगळं ढिगातून वेचून काढावं लागतं, नाहीतर रोलरला गुंडाळून बसतं. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं. वाळलेली बाभळ मात्र मशीनला घाम फोडते, आवाजच बदलतो.

येडी बाभळीचा चुरा वेगळा पाडला. काटे बारीक झाले तरी टोचतातच, आणि बागेत बाया अनवाणी असतात. तो सगळा धुऱ्याच्या कडेला खड्ड्यात गेला, शेणकाला आणि काडीकचरा कुजवणारी ट्रायकोडर्मा बुरशी टाकून.

मोसंबीचा चुरा बागेत पसरायचा, पण लगेच नाही. याच दिवसांत पुढचा बहार यावा म्हणून बाग ताणावर सोडायची, म्हणजे तिचं पाणी तोडायचं असतं. आच्छादन घातलं तर जमिनीत ओल टिकते आणि आमच्या काळ्या रानात ताण बसत नाही. ढीग तसाच ठेवला, ताण तोडून पुन्हा पाणी द्यायच्या वेळी पसरला, चार बोटं जाड. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडली, कारण बुंध्याशी ओल राहिली की खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाला आयतं आमंत्रण. शेजारच्यांनी चुरा नांगरून मातीत मिसळायचा सल्ला दिला होता. ते मला पटत नाही. कच्चं लाकूड मातीत गाडलं की ते कुजवायला जिवाणू नत्र ओढतात आणि झाड पिवळं पडतं. वर पडलेलं सावकाश कुजतं, तसंच बरं. वाळवीवर मात्र लक्ष ठेवावं लागतं.

सल काढलेल्या जखमांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावायची ती लावलीच, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मशीन आलं म्हणून हे काम सुटत नाही.

एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी लागते, ती सरपणाची. सल काढणाऱ्या बाया संध्याकाळी मोळी बांधून नेतात, मजुरीइतकाच तो त्यांचा हक्काचा भाग. चिपर सगळंच खाऊन टाकेल म्हटल्यावर त्या गप्प झाल्या होत्या. मनगटाएवढी आणि त्याहून जाड लाकडं आधीच बाजूला काढायची ठरली. तशीही मशीनची ताकद चार इंचांपर्यंतच होती. पुढच्या वर्षासाठी मामांना आताच सांगून ठेवलंय, कारण फळं उतरली की सगळ्या तालुक्याची सल एकदमच निघते आणि मशीन एकच.