तिसरा डबा

न्हावा शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगचं काम करतो. माल दुसऱ्याचा, पैसे दुसऱ्याचे, शिव्या तेवढ्या आमच्या. लोकांना वाटतं एक्स्पोर्ट म्हणजे जहाजात माल भरला की झालं, पण जहाज आम्ही महिनोन्महिने बघत पण नाही. आमची सगळी मारामारी कट-ऑफशी, म्हणजे जहाजासाठी माल आत घ्यायच्या शेवटच्या वेळेशी. कंटेनरला आम्ही डबा म्हणतो, तो डबा कट-ऑफच्या आत गेटमधून गेला पाहिजे, आणि त्याआधी शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद), फायटो (मालाला रोग-कीड नसल्याचा दाखला), व्हीजीएम (भरलेल्या डब्याचं तपासलेलं वजन), सील स्कॅन, कस्टमचा एलईओ, म्हणजे माल जाऊ द्यायची परवानगी.

तर ७ डिसेंबर २०२३, गुरुवार. लासलगावकडच्या एका शेठचे कांद्याचे तीन रीफर डबे पोर्ट क्लांगला जायचे होते, मलेशियाला. प्रत्येकात २९ टनाच्या आसपास. कांद्याचा रीफर म्हणजे नुसता फ्रीज नाही हे शिपिंग लाईनच्या नवीन पोरांना पण सांगावं लागतं, व्हेंट उघडी ठेवायची असतात, कांदा आतमध्ये श्वास घेतो, व्हेंट बंद राहिली की डब्याला घाम फुटतो आणि पोर्ट क्लांगला दार उघडल्यावर कोंब आणि काजळी. त्यात डिसेंबरचा लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने निघतो, लाल काढला की पळवायचाच.

वर्ष आधीच कठीण चाललेलं. ऑगस्टमध्ये एका शनिवारी अचानक ४० टक्के निर्यात शुल्क आलं, मग ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरची एमईपी (किमान निर्यात दर), म्हणजे किलोला सदुसष्ट रुपयांच्या खाली विकायचंच नाही. तरी शेठने जमवलं, कारण पोर्ट क्लांगचे अण्णा (तमिळ माणूस, घाऊक व्यापारी) जुने गिऱ्हाईक, ॲडव्हान्स पाठवणारे, आणि असा बायर कांद्यात मिळणं म्हणजे नशीब.

शिपिंग बिलं तिन्ही बुधवारीच फाईल केलेली. गुरुवारी संध्याकाळी दोन ट्रेलर पार्किंग प्लाझात (गेटआधी कस्टमचं काम होतं ती जागा) लागले, ई-सील स्कॅन झालं, कागद पुढे सरकले. तिसऱ्याचा टायर शहापूरजवळ फुटला. ड्रायव्हर म्हणाला रात्री मेकॅनिक येत नाही, पहाटे निघतो. कट-ऑफ शनिवारी, म्हणून मी पण म्हणलं ये निवांत.

शुक्रवारी सकाळी ग्रुपवर डीजीएफटीची (केंद्राचं परदेशी व्यापाराचं खातं) अधिसूचना पडली. कांदा निर्यात बंद, ३१ मार्च २०२४ पर्यंत. तारीख ७ डिसेंबरची. खाली सूट होती, ज्यांचं लोडिंग सुरू झालंय, किंवा बिल फाईल असून जहाज बंदरात आलंय, किंवा माल आधीच कस्टमच्या ताब्यात जाऊन सिस्टिममध्ये तारीख-वेळेसकट नोंद आहे, त्यांना ५ जानेवारीपर्यंत जाऊ देणार. आमचं जहाज अजून आलं नव्हतं, त्यामुळे राहिला तो शेवटचा मार्ग. दोन डब्यांचा शिक्का गुरुवार संध्याकाळचा, तिसऱ्याचा शुक्रवारी सकाळी सातचा. एकाच खळ्यावर, एकाच दिवशी, त्याच हमालांनी भरलेला कांदा.

शेठचा फोन. "भाऊ, बिल तर बुधवारचंय ना?"

"बिल आहे शेठ, डबा नाही."

दोन डब्यांसाठी सील स्कॅनचा रिपोर्ट, प्लाझाची एन्ट्री स्लिप, बिलाची कॉपी, सगळं वेळेच्या क्रमाने लावून फाईल केली, आणि खरं सांगतो, अशी फाईल त्या दिवशी तिथे दुसऱ्या कोणाची नव्हती, लोक नुसते हात जोडून उभे होते. समोरचे साहेब नियमाच्या बाहेर एक इंच जायला तयार नाहीत, पण नियमात बसलेलं अडवलं पण नाही. दोन डबे गेले.

तिसऱ्याचं बॅक टू टाऊन. म्हणजे बिल कॅन्सल करा, परवानगी घ्या, डबा बाहेर काढा, आणि तोवर रीफरच्या विजेच्या प्लगचं भाडं, ट्रेलरचा खोळंबा, रिकामा डबा परत करायचा खर्च. माल वाशीला नेला. दार उघडलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या जाळ्या ओलसर, आणि गाळ्यावरचा माणूस प्रत्येक गोणीतून एक कांदा काढून मानेवर अंगठा दाबून बघत होता, मऊ लागला की काही न बोलता बाजूला टाकायचा. बंदीनंतर सगळ्यांचाच माल शहराकडे वळलेला, भाव रोज खाली. मुंबईकराला कांदा स्वस्त मिळावा म्हणून बंदी, तर हा घ्या, मिळाला. शेतकऱ्याचे पैसे मात्र शेठने बंदीच्या आधीच्या भावाने चुकते केलेले होते.

नंतरचं जास्त डोक्यात बसलंय. २०२२-२३ मध्ये आपण २५ लाख टन कांदा बाहेर पाठवला होता, साडेचार हजार कोटींचा. बंदीत मार्चला थोडी वाट काढली ती सरकारांच्या पातळीवर, बांगलादेशला ५० हजार टन, यूएईला १४,४०० टन, तेही एनसीईएल या सहकारी निर्यात संस्थेमार्फत. बंदी ३१ मार्चला संपायची ती पुढे वाढवली, एप्रिलमध्ये सहा देशांची यादी आली, मलेशिया त्यात पण नाही. अण्णांना कोणती यादी दाखवू? त्यांना दुकान चालवायचंय, त्यांनी पाकिस्तानचा आणि चीनचा माल घेतला. ते चूक म्हणता येत नाही.

४ मे २०२४ ला बंदी उठली ती ५५० डॉलर एमईपी आणि ४० टक्के शुल्कासकट. सप्टेंबरमध्ये एमईपी गेली, शुल्क २० वर आलं, १ एप्रिल २०२५ पासून तेही शून्य. कागदावर सगळं मोकळं. पण अण्णांची ऑर्डर तीन डब्यांची होती ती एकाची झालीय, आणि ॲडव्हान्स बंद.

शेठ म्हणतात रेट थोडा खाली करून बघू. रेटचा प्रश्नच नाही हे सांगून मी थकलो, अण्णांनी मेलमध्ये सरळ विचारलंय की परत असं मध्येच बंद झालं तर नुकसान कोणाच्या खात्यात, ते काँट्रॅक्टमध्ये लिहून द्या. शेठने तो मेल मला फॉरवर्ड केलाय, खाली एवढंच, "भाऊ, काय लिहायचं?" अजून उत्तर दिलेलं नाही.