मांतोवाहून म्युनिकला, जुन्या आल्फातून

गाडी विकणाऱ्याला फोनवर तीनदा बजावलं होतं, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. इटलीत ब्रेशियाजवळच्या त्याच्या अंगणात पोचलो, बॉनेटवर हात ठेवला, तर तवा तापलेला. कॉफी प्यायलो आणि परत फिरलो. थंड इंजिन कसं उठतं, किती धूर टाकतं, दुसरा गिअर करकरतो का, हे तापलेल्या गाडीत कळतच नाही. आणि या गाड्यांचा दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर न करकरता पडावा म्हणून असलेलं कडं, हमखास झिजलेला असतो.

मला हवी होती आल्फा रोमिओ स्पायडर, उघड्या छपराची इटालियन गाडी. १९६६ ते १९९३ अशी सत्तावीस वर्षं ती बनत राहिली, आकार पिनिनफरिनाचा. सुरुवातीच्या गोल शेपटीच्या गाडीला इटालियन लोक 'ओस्सो दी सेप्पिया' म्हणतात, म्हणजे आपला आयुर्वेदातला समुद्रफेन. ती माझ्या खिशाबाहेरची. १९८३ला मागे काळा रबरी स्पॉयलर आला, तो मला बघवत नाही. राहिली मधली, १९७० पासूनची, शेपटी कापलेली 'कोदा त्रोंका'. त्यातही १९६२ सीसीचं इंजिन आणि दोन कार्बोरेटर.

अशी एक १९७८ची मांतोवात सापडली. म्युनिकहून वेरोनाला थेट रेल्वे आहे, साडेपाच तासांच्या आसपास लागतात. तिथून मांतोवा लोकल गाडीने पाऊण तास. मालक सत्तरीचे, निवृत्त शिक्षक. गाडी शेडमध्ये, थंडगार. त्यांनी अॅक्सिलरेटर तीनदा दाबला, चावी फिरवली, इंजिन दोनदा शिंकलं आणि चालू झालं. मी मात्र तोवर खाली वाकलो होतो.

कारण या गाडीत इंजिन नाही, पत्रा विकत घ्यायचा असतो. हे ट्विन कॅम इंजिन अॅल्युमिनियमचं, सिलिंडरच्या आतल्या नळ्या, म्हणजे लायनर, बदलता येतात, टायमिंगला बेल्ट नव्हे, चेन. सुटे भाग अजून मिळतात, ते बांधता येतं. सडलेला सिल बदलायला घेतलात तर इंजिन बांधण्याच्या दुप्पट खर्च कधी झाला ते कळत नाही. दाराखालचा हा सिल तीन थरांचा असतो. पाणी निघून जायची भोकं बुजली की गंज आतून सुरू होतो आणि बाहेर रंग चकचकीत दिसतो. मऊ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक सोबत ठेवा. पुढच्या चाकांमागे, मागच्या कमानींवर, सिलच्या खालच्या कडेला फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे आपले डेंटर जिला लांबी म्हणतात ती पुट्टी भरलेली आहे. डिकीत स्टेपनीचा खड्डा बघा, पायाखालची मॅट उचला. आणि मालक हो म्हणाले तर जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडून लावून बघा. पक्कं छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार सिलवर असतो. तो कुजला असेल तर गाडी मधून वाकते आणि दार अडकतं.

माझ्या गाडीचं दार अडकलं नाही. डाव्या कमानीवर बोटभर लांबी निघाली, तेवढी चालायची. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा साका नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरत नव्हतं, हेड गॅस्केट बरं होतं. सौदा साडेसतरा हजार युरोंना.

कागदपत्रांसाठी स्वतः खिडक्यांवर उभं राहू नका. इटलीत गावोगावी 'प्रातिके आउतो' अशी पाटी लावलेली एजन्सी असते, आपल्याकडच्या आरटीओ एजंटाची इभ्रतदार बहीण. पैसे देण्याआधी तिच्याकडून पीआरए या वाहन नोंदवहीचा उतारा, म्हणजे 'विझुरा', काढून घ्या. गाडी खरंच त्याच माणसाच्या नावावर आहे का आणि थकलेल्या कर-दंडापायी तिच्यावर 'फेर्मो', म्हणजे सरकारी रोख, तर नाही ना, हे त्यात कळतं. फेर्मो असलेली गाडी देशाबाहेर काढता येत नाही. मग निर्यातीसाठी नोंदणी रद्द करायची आणि रस्त्याने न्यायची असेल तर 'फोल्यो दी विया', म्हणजे तात्पुरता प्रवास परवाना, आणि तात्पुरती पाटी घ्यायची. विम्याचंही एजन्सीलाच विचारा. यात मला दोन आठवडे गेले, म्हणजे दोन फेऱ्या धराच.

नोंदणी रद्द करताना जुन्या पाट्या जमा कराव्या लागतात. काळी पाटी, त्यावर मांतोवाचं नारिंगी 'एमएन'. मालकांनी स्क्रू स्वतः काढले, रुमालाने पाटी पुसली आणि माझ्याकडे न बघता एजन्सीच्या बाईंच्या हातात दिली.

निघालो मंगळवारी. मुद्दाम, कारण सुटीच्या हंगामात शनिवार-रविवारी ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये बाहेरच्या गाड्यांना आडरस्त्यांवर बंदी असते. मांतोवा ते वेरोना एसएस-६२ हा साधा रस्ता, पुढे ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या ब्रेनरपर्यंत तसाच एसएस-१२. शेजारून महामार्ग जातो, पण पंचेचाळीस वर्षांच्या गाडीला ट्रकांच्या रांगेत कोंडू नका. त्रेंतोनंतर दोन्ही बाजूंना सफरचंदांच्या बागा, छप्पर उघडं, गिअरची दांडी डॅशबोर्डखालून तिरपी हातात येते. लहानपणी आमच्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला होता, त्यामुळे मला हे विचित्र वाटलं नाही. मुक्काम बोल्झानोला.

दुसऱ्या दिवशी विपितेनोनंतर चढ लागला आणि गाडी खोकायला लागली. आयडलवर बंद पडायची. कोल्ले इसार्कोच्या वर एका कडेला थांबलो आणि ठाण्याला बाबांना फोन लावला.

"बाबा, चढावर मिसिंग होतंय."

"अरे, एसी पंप तापला असेल. ओलं फडकं टाक त्यावर. खंडाळ्याला आपण काय करायचो?"

टाकलं. एसी पंप म्हणजे पद्मिनीचा पेट्रोल पंप; या गाडीलाही तसाच इंजिनावरच बसणारा मेकॅनिकल पंप आहे, त्यामुळे पटलंही. वीस मिनिटं थांबलो, सुरू केली, पुन्हा तेच. मग पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून कार्बोरेटरांच्या बुडाशी पाणी उडवलं. मागच्या कार्बोरेटरखाली पाणी लागलं की इंजिनाचा सूर क्षणभर सुधरायचा. टॉर्च मारला तर हेड आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या रबरी माउंटला नखाएवढी चीर. तिथून हवा ओढली जात होती. स्वतःवरच चिकटणारी रबरी टेप जमेल तशी गुंडाळली, आयडलचा स्क्रू थोडा वाढवला आणि १३७० मीटरवरची ब्रेनर खिंड पार केली. ऑस्ट्रियात उतरताना बी-१८२ घ्या, टोल नाही. इन्सब्रुकनंतर ऑटोबानला विन्येट, म्हणजे टोलचं स्टिकर, लागतं.

ही माउंट आल्फाची जुनी खोड आहे. गाडी बघतानाच तिथे टॉर्च मारा, बाकी गाडी निर्दोष असली तरी. सोबत टेप, फॅन बेल्ट, इग्निशनचे पॉइंट आणि कंडेन्सर, होज क्लिपा आणि अग्निशामक सिलिंडर ठेवा. जर्मनीत ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, टाळा, जुन्या रबराला ते मानवत नाही. मी सुपर प्लस भरतो. ऑइल २०डब्ल्यू-५०, दर वर्षी, गाडी चालो न चालो. सकाळी पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर हळू टाका.

गाडी तीस वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर जर्मनीत ऐतिहासिक गाड्यांची एच-पाटी मिळते, रस्ता कर वर्षाला १९१.७३ युरो. कमानीवरच्या लांबीबद्दल तपासनीसाने एकदा भुवई उंचावली, तेवढंच.

नवी माउंट जोडीनेच बदलली. बाबांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "पण फडकं टाकलं होतंस ना आधी?"